ठोकून बघणे

शिरोलीच्या फौंड्रीत एकवीस वर्षं
मी कास्टिंग ठोकून बघतो.
छोटी हातोडी, एक टोला, आणि कान.
चांगला माल घंटेसारखा बोलतो.
आत चीर असली की आवाज बसतो, भद्द,
रिकाम्या डब्यावर थाप मारल्यासारखा.
रावसाहेब कुंभार म्हणायचा,
"ह्याच्या कानाला आयएसओ द्या रे कुणीतरी."

आता मी आडवा. उजवा हात डोक्याखाली,
बरगड्यांच्या फटीत गार जेल,
आणि मुजावर मॅडम मला ठोकून बघतात.
टक.
टक.
दहा वेळा.
यंत्राला कान नाहीत, ते आकडा देतं.
सात पॉइंट आठ.
"मागच्या वर्षी साडेनऊ होतं. लिव्हर मऊ पडतंय."
मला हसू येतं.
आमच्यात मऊ पडलं की माल परत भट्टीत.

कळलं ते तालमीच्या रक्तदान शिबिरात.
मंडळानं स्टीलचा डबा दिला,
पंधरा दिवसांनी ब्लड बँकेचा फोन: समक्ष या.
पांढरी कावीळ, म्हणाले.
डोळे पिवळे नाहीत, भूक बैलाची,
नुसता कागदावर आजारी.
वाटलं, दाखल्यावर जन्मतारीख चुकते तसं असेल,
अर्ज दिला की दुरुस्त.

"हे जात नाही," मॅडम म्हणाल्या, "दाबून ठेवायचं.
रोज एक गोळी. रोज म्हणजे रोज."
उज्वलाला तीन इंजेक्शनं, पोरीची जन्मतःच झालेली.
दाढीचा वस्तरा माझा मला.
कारखान्यात चहाचा पेला मात्र त्यांनीच वेगळा केला,
त्याची कुणाला गरज नव्हती.

एका चैत्रात, जोतिबाचा गुलाल अंगावर असताना,
मी गोळी सोडली. दोन महिने.
बरा होतो, एवढंच कारण.
मग एका सकाळी हातोडी उचलेना.
एसजीपीटी सहाशे वीस.
मॅडम ओरडल्या नाहीत. रिपोर्ट माझ्याकडे फिरवून
पेन त्या आकड्यावर ठेवलं
आणि फोन आला म्हणून बाहेर गेल्या.

परत आल्यावर विचारलं, "भावंडं किती?"

जयसिंगदादा.
बेचाळिसाव्या वर्षी पोट नगाऱ्यासारखं,
हातापायांच्या काड्या.
सगळी गल्ली म्हणाली, दारू.
डॉक्टर म्हणाले, सोडा.
मामा पाया पडले, सोड बाबा.
दादाला वासानंच शिंका यायच्या.
शेवटी शेवटी मला म्हणाला,
"धरलंच न्हाई, तर सोडू काय?"
मी मान हलवली.
मलाही वाटत होतं, खोटं बोलतोय.

"आईची तपासणी करून घ्या," मॅडम हळू म्हणाल्या.
"लहानपणी आलेलं असतं हे बहुतेक वेळा. बाळंतपणात."
शुगरची म्हणून आईला सीपीआरला नेलं.
तिच्यात आहे. झोपलेलं आहे.
सहा महिन्यांनी बघत राहायचं.
तो कागद चार घड्या करून
व्हर्नियरच्या पेटीत ठेवलाय.

आख्ख्या गल्लीत आई एकटी म्हणते,
"माझ्या जयसिंगानं थेंब घेतला न्हाई."
अकरा वर्षं म्हणते.
नळावर, लग्नात, कुणी विचारलं नाही तरी.
आता ती खरी आहे हे सांगायचं
तर कशावरून ते सांगावं लागेल,
आणि कुठून आलं तेही.

रात्री साडेनऊला मी गोळी घेतो.
आई पाण्याचा तांब्या पुढं करते.
"कसली रं ही? सपतच न्हाई."
"कानाची."
"हं."
ती बाटली उचलते, कानाशी धरून हलवते,
जरा थांबून पुन्हा हलवते.
"चारच हाईत," म्हणते,
"उद्या आठवणीनं आण."